अननसाची चड्डी आणि हिरवी झेंडी

समस्त चौबे कॉलनी, भनपुरीचा मालधक्का आणि रायपूर स्टेशनावरची गार्ड लोकांची रनिंग रूम यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की मालगाडीचे गार्ड श्री. दिगंबर नारायण ढोबळे, वय पंचावन्न, यांनी मृत्यूच्या चार दिवस आधी, आयुष्यात पहिल्यांदा, गुडघ्याच्या वर संपणारी चड्डी विकत घेतली. चड्डी पिवळी होती आणि तिच्यावर अननस होते. बातमी अधिकृत आहे. दुकानात तुझ्या मागे उभं राहून "घे बे, तिथं आपल्याले कोन ओळखते" असं म्हणणारा मीच होतो, म्हणून ती जाहीर करण्याचा मानही माझाच.

हसलास ना, दिगू? आपलं ठरलंच होतं. जो आधी जाईल त्याच्याबद्दल दुसऱ्यानं बोलायचं, आणि बोलण्यात 'मनमिळाऊ' हा शब्द आला तर पहिल्यानं तिरडीवरून उठून बसायचं. तो शब्द मी वापरणार नाही, तू बिनधास्त पडून राहा. तू मनमिळाऊ नव्हतासच. तू कटकट्या होतास. लग्नाच्या पंगतीत लोक भाताकडे धावायचे तेव्हा तू ताटावर हात ठेवून म्हणायचास, "वरण येऊ द्या पह्यले." गणपतीच्या वर्गणीची पावती अर्धी फाटली तर नवी मागायचास. आणि रेल्वेनं तुमच्या पदाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं तेव्हा सगळ्या गार्डांनी पेढे वाटले, तू एकटा तोंड पाडून माझ्या ओट्यावर येऊन बसला होतास.

"मॅनेजर काय बे," तू म्हणालास. "मॅनेजर ऑफिसात बसते. गार्ड म्हन्जे राखनारा."

मी तेव्हा तुझी खूप टिंगल केली होती. आता मॅनेजर आणि राखणारा यांतला फरक मी रायपूरच्या कोणत्याही माणसाला उभ्या उभ्या समजावून सांगू शकतो. एक मॅनेजर मला भेटला. राखणारा तिथं नव्हता.

पण मी पुढं गेलो. तुला गोष्ट क्रमानं लागते.

आपलं राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, मला सचिवालयात बाबूची खुर्ची मिळाली आणि गावात चौकाचौकात लाल-हिरवे दिवे आले. गावाला वाटलं, सजावट आहे. लोक त्यांच्याकडे बघत, कौतुक करत आणि निघून जात. सगळ्या रायपुरात लाल दिव्याला थांबणारा माणूस एकच होता आणि माझ्या नशिबानं तो माझ्या स्कूटरवर मागे बसायचा. जयस्तंभ चौकात, भर दुपारी, चारी रस्ते रिकामे. तू माझा खांदा दाबायचास. एकदा तर समोरून एक गाय लाल दिव्यातून आरामात पार झाली.

"गाय गेली बे, दिगू."

"गाय रेल्वेत नाही."

"मी पन नाही."

"तू गार्डाचा दोस्त आहेस. थांब चुपचाप."

आपला वीस वर्षांचा वाद तिथलाच. मी म्हणायचो, लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा, पोरासोरांनाही कळतं, त्यात तू एवढं पुराण काय सांगून राहिला. तू म्हणायचास, नाही. हिरवी म्हणजे 'जा' नाही. हिरवी म्हणजे कोणीतरी पुढचं पाहून ठेवलं आहे. तो माणूस तुला दिसत नाही, तुझं नाव त्याला ठाऊक नाही, पण त्यानं पाहिलं आहे, म्हणून त्यानं हिरवी दिली. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस याच भरवशावर डबा उघडून भाकर खातो.

"अन् त्यानं नसन पाह्यलं तर?"

"असं होत नाही."

"होते बे."

"मंग तो झेंडी देनारच नाही. हिरवी हातात घेनं काही खेळ आहे काय?"

वाद अर्धा राहिला होता. शेवटचा भाग झाला तो समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत. तुझी केतकी बंगळुरूहून फोनवर म्हणाली होती, "पापा, तीसवीं एनिवर्सरी है, आप लोग रिसॉर्ट जाओगे, बस, बुक कर दिया." तू मला बरोबर ओढलंस, कारण एकट्यानं चैन करणं तुला रजेच्या नियमांत बसत नसावं. सुनंदावहिनी खिडकीशी, तू त्यांच्या समोर, मी मध्ये चकल्यांचा डबा घेऊन. आणि तू काय करत होतास? प्रत्येक लहान स्टेशनावर हिरवी झेंडी धरून उभा असलेला माणूस दिसला की खिडकीतून हात वर करत होतास. 'सब ठीक', गार्डाची खूण. प्रवासी म्हणून पासावर निघालेला माणूस, गाडी दुसऱ्याची, ड्यूटी दुसऱ्याची, तरी प्रत्येकाला हात.

"अहो, ते तुमाले पाहून नाही राहिले," वहिनी म्हणाल्या.

"मी तं पाहून राहिलो न त्याइले."

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, रिसॉर्टात जेवन वाढनाऱ्यालेबी हा हात दाखवनार." तू माझी चकली काढून घेतलीस. हे सगळं लिहिताना मला मजा येते आहे आणि त्याचाच राग येतो आहे. तुझी गोष्ट सांगताना माझी जीभ आपोआप रंगात येते. तिला कळत नाही, की आता समोर तू नाहीस.

रिसॉर्टचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना त्यांचं नाव सगळीकडे लिहायची फार हौस आहे, आणखी एक जागा कशाला. उशीवर नाव, साबणावर नाव, चपलेवर नाव. आणि किनाऱ्यावर, वाळूत, ओळीनं रोवलेल्या झेंड्यांवर नाव. झेंड्यांचा रंग हिरवा.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर तू अननस घालून खोलीतून बाहेर आलास. तुझ्या पायांना तीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी तिथल्या तिथं 'गार्ड ऑफ ऑनर' म्हणून तुला सलाम ठोकला. तू पोहायच्या तलावाकडे निघालास, तर तिथं कोणाची तरी हळद चालली होती. पाण्यात झेंडूची फुलं आणि ढोल. मॅनेजर धावत आला. गळ्यात टाय, ओठांवर हसू, दोन्ही इस्त्री केलेले.

"सर, पूल में आज फंक्शन है. आप बीच एन्जॉय कीजिए ना. अपना प्राइवेट बीच है."

"समुद्रबी याइचा प्रायव्हेट आहे म्हन्ते," तू माझ्याकडे वळून म्हणालास.

आता हे, दिगू, नीट ऐक, कारण या ठिकाणी तुझी एक चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. ती चूक मुंबईचा माणूस करणार नाही, कोकणातला तर नाहीच. ती आपल्यासारखा, तलावात पोहायला शिकलेलाच करील.

आपल्या पाऱ्यातल्या तरियात, म्हणजे आता वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मोहल्ल्यातल्या तलावात, आपण दोघं आठव्या-नवव्या वर्षी शिकलो. घाटावर कपडे धुणाऱ्या बायांचा एकच कायदा होता, "जिहां पानी हालथे, उहां झन जा." पाणी हलतं तिथं जाऊ नको. हलणाऱ्या पाण्याखाली म्हैस असते, साप असतो, नाहीतर पायाला गुंडाळणारी वेल. पाणी थिर दिसतं तिथं बिनघोर उडी मार. त्या कायद्यानं आपल्याला पन्नास वर्षं जिवंत ठेवलं.

तू किनाऱ्यावर उभा राहिलास. डावीकडे लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, आवाज करत. उजवीकडेही तसंच. आणि मध्ये, एखाद्या गल्लीएवढी जागा, जिथं लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गढूळ, सपाट, शांत. आणि बरोबर त्या गल्लीच्या तोंडाशी वाळूत हिरवा झेंडा.

"हे पाय," तू बोट दाखवून म्हणालास. "तरिया."

मी म्हणालो, "समुद्रात तरिया शोधनारा तू दुनियेतला पह्यला मानूस."

"शोधला नाही बे. याइनंच दाखवून ठेवला आहे. पाय न, झेंडी लावली आहे."

वहिनी खुर्चीवर तुझा शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "कायले जाता आत? फोटो झाला न."

"हिरवी आहे, सुनंदा."

असं म्हणून तू गेलास. त्या वाक्यात तुझं सगळं आयुष्य होतं. मी गुडघ्याच्या दुखण्याचं सोंग करून घोट्याभर पाण्यात उभा राहिलो, आणि अननस पाण्यात बुडाले तेव्हा टाळ्या वाजवल्या.

तू छान पोहत होतास. थोड्या वेळानं मला वाटलं, फारच छान पोहतो आहेस, तलावात तू कधी इतका वेगात गेला नाहीस. तू बराच आत गेलास. मग तू हात वर केलास.

मी काय केलं ते फक्त तुला ठाऊक आहे आणि मला. मी हात वर केला. सब ठीक. गाडीत दिवसभर तुझी टिंगल केली होती ना, म्हणून मोठ्या नाटकीपणानं, छाती काढून, स्टेशनमास्तरासारखा उभा राहून मी तुला उलट 'सब ठीक' दिला. पंचावन्न वर्षांत मी तुला एकच सिग्नल दिला, आणि तो खोटा.

दुसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा मला कळलं. तू किनाऱ्याकडे तोंड करून, जीव खाऊन, सरळ माझ्या दिशेनं हात मारत होतास आणि जागचा हलत नव्हतास, उलट मागे जात होतास. आणि मी ओरडत होतो, "सरळ ये, दिगू, सरळ ये, माह्याकडे पाय." तू सरळच हात मारत राहिलास. तू आयुष्यभर माझं काही ऐकलं नाहीस, आणि त्या दिवशी ऐकलंस.

वहिनींनी शर्टाच्या खिशातून तुझी ड्यूटीची शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. सुट्टीतसुद्धा शिट्टी खिशात घेऊन फिरणारा माणूस. मी फुंकली. छाती फुटेपर्यंत फुंकली. किनाऱ्यावर एकही माणूस तिला उत्तर द्यायला नेमलेला नव्हता. दोर नव्हता, टायर नव्हता, उंच मचाण नव्हतं. खुर्च्या मात्र चाळीस होत्या. आतून एक कर्मचारी चालत आला, धावत नाही, चालत, आणि म्हणाला, "सर, थोड़ा धीरे, उधर फंक्शन चल रहा है."

मी त्याला मारलं नाही. याचाही मला राग आहे.

तुला बाहेर आणलं ते शेजारच्या वस्तीतल्या कोळ्यांनी. शिट्टी त्यांनी ऐकली होती. त्यांतला एक म्हातारा नंतर माझ्याजवळ वाळूत बसून राहिला. मी त्याला विचारलं, जिथं लाटा नाहीत, तिथं माणूस कसा बुडतो? तो मोडक्या हिंदीत बोलला. लाटांनी जे पाणी किनाऱ्यावर येतं ते परत कुठून तरी जाणारच ना, म्हणाला. "वो उसका लौटने का रास्ता है, बाबू. हम लोग उधर से ही नाव निकालते हैं, पानी खुद बाहर ले जाता है." लाट तिथं फुटत नाही, कारण तिथं खोल आहे आणि पाणी उलटं धावतं आहे. म्हणून ते शांत दिसतं. ती तुझी तरिया नव्हती, दिगू. ती समुद्राची 'अप' लाईन होती आणि तू तिच्यात 'डाउन' यायला बघत होतास.

मग सुटतात कसे, मी विचारलं. त्यानं बोटानं वाळूत एक रेघ ओढली, किनाऱ्याला समांतर. "लड़ने का नहीं. पीठ पर लेट जाओ, साँस लो. फिर बाजू में तैरो. रास्ता पतला होता है, बाजू में निकलो तो लहर खुद वापस लाती है."

एवढंच. बाजूला. तुला कोणी फक्त एवढं ओरडून सांगायला पाहिजे होतं, "दिगू, मेन लाइन सोड, लूप लाइनला घे." तुला अर्ध्या सेकंदात समजलं असतं. गाडी समोरून येत असली की तिच्याशी भांडत नाहीत, बाजूच्या रुळावर उभं राहून तिला जाऊ देतात, हे तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक होतं? आणि मी ओरडलो, सरळ ये.

हे वाचणाऱ्या कॉलनीकरांनो, दिवाळीच्या सुट्ट्या येत आहेत, तुम्हीही पोरांना घेऊन समुद्रावर जाणार आहात. ती रेघ लक्षात ठेवा. समुद्रात शांत गल्ली दिसली तर तिच्यात जाऊ नका. गेलात तर लढू नका, तरंगत राहा आणि आडवे निघा. किनाऱ्यावर उभे असाल तर 'सरळ ये' म्हणू नका. दिगू, माफ कर, मध्येच दुसऱ्यांशी बोललो. तुला चालेल. तूही गप्पांच्या मध्ये उठून कोणाच्या तरी सायकलची उतरलेली चेन नीट अडकवायचास.

संध्याकाळी मी तुझ्या चपला आणायला परत त्या खुर्चीपाशी गेलो. तिथला चौकीदार मान खाली घालून उभा होता. मी त्याला विचारलं, "भैया, तुम्हारे यहाँ लाल झंडा नहीं होता क्या?"

"है ना, साब," तो म्हणाला. आणि त्यानं मला भांडारघरात नेऊन दाखवला. मिटलेल्या छत्र्यांच्या मागे, काठीला गुंडाळलेला, नवाकोरा. "लगाते हैं तो गेस्ट लोग डरते हैं. बुकिंग का पूछते हैं. और मैनेजर साब बोलते हैं, फोटो में हरा अच्छा आता है."

फोटोत हिरवा चांगला येतो. दिगू, तू तीस वर्षं उन्हात, पावसात, शेवटच्या डब्याच्या दारात उभा राहून हिरवी धरलीस. एकदा बिलासपूरच्या बाजूला तुझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि तू झेंडी खाली न करता तसाच उभा राहिलास, डोळा आठ दिवस सुजला होता. कारण हिरवी म्हणजे कोणीतरी पाहिलं आहे. आणि इथं कोणीच काही पाहिलं नव्हतं. रंग आवडला म्हणून लावली होती. आमच्या गावानं खरे सिग्नल सजावट समजून घेतले, तेव्हा आम्ही अडाणी ठरलो. या टायवाल्यांनी सजावट सिग्नलसारखी उभी केली, तर तिला काय म्हणायचं? वाद मी जिंकलो, दिगू. पुढचं न पाहता हिरवी देणारी माणसं असतात. घे तुझा वाद परत. मला नको आहे.

आता कागदाचं.

पोलिसांचे, दवाखान्याचे सोपस्कार झाले. तुला रायपूरला आणायची गाडी रिसॉर्टनं मागवली होती, ती फाटकात उभी होती, आत वहिनी तुझ्याजवळ बसल्या होत्या. मॅनेजरनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. थंडगार खोली. टेबलावर एक कागद. "सर, छोटी सी फॉर्मॅलिटी है." कागदावर हिंदीत लिहिलं होतं की, अतिथी चेतावणी देऊनही, सूचनांकडे दुर्लक्ष करून, स्वतःच्या जबाबदारीवर समुद्रात गेले. खाली, 'सोबतच्या व्यक्तीची सही'.

मी वाचला. न वाचता सही केली असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सचिवालयातला बाबू आहे मी, कागद वाचल्याशिवाय माझा हात चालत नाही. मी वाचला, खिडकीतून गाडीकडे पाहिलं, ऊन चढत होतं, ड्रायव्हर घड्याळ बघत होता, आणि मी सही केली.

म्हणजे तू सिग्नल तोडलास. कागदावर. तू, दिगंबर ढोबळे. ज्याच्या नोकरीच्या पुस्तकात एक लाल शेरा नाही. गाय गेली तरी न गेलेला.

मी हे वहिनींना सांगितलं नाही. केतकी आली, तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल, पापा को किसी ने मना किया था क्या?" मी "बेटा, आता काय बोलायचं" असं काहीतरी पुटपुटलो. तिनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. मी तो घेऊ दिला. बोलण्यात पटाईत असलेल्या माणसाचं मौन फार कामाचं असतं, लोक त्याला दुःख समजतात.

तुझाही मला राग आहे. काहून तुला प्रत्येक झेंडीवर विश्वास? वाळूतल्या एका कापडाच्या तुकड्याला तू स्टेशनमास्तर समजलास. पण हा राग दोन मिनिटांहून जास्त टिकत नाही. तुझ्यासारखी माणसं झेंडीवर विश्वास ठेवतात म्हणूनच आम्ही बाकीचे गाडीत झोपून जातो.

परवा मी पत्र पाठवलं. एक त्या गावच्या पोलीस ठाण्याला, एक तिथल्या कलेक्टरांना, एक त्या मॅनेजरला. माझी सही मी परत घेतो, ते विधान खोटं आहे, तुम्हाला जे विचारायचं ते मला बोलावून विचारा. चौकीदाराचं नाव मी लिहिलं नाही, त्याची रोजीरोटी आहे. भांडारघराचं मात्र लिहिलं, छत्र्यांच्या मागची जागासुद्धा. पत्राला उत्तर येईल की नाही, ठाऊक नाही. पण सोडणार नाही. तूच म्हणायचास, कटकट केल्याशिवाय या देशात ब्रेक लागत नाही.

पत्राची भाषा सरकारी आहे, माझ्या हातची. फक्त शेवटचं वाक्य माझं नाही. ते मला तुझ्या तेरवीला मिळालं.

तुझ्या घरासमोर मंडप होता. जेवणाआधी दोन शब्द बोलायला आपल्या कॉलनी समितीचे सचिव भाऊसाहेब उभे राहिले. पहिल्याच वाक्यात 'मनमिळाऊ' आला. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं, तू उठला नाहीस. मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. दोन ओळी होत्या. 'चेतावनी के बावजूद समुद्र में उतरे.' त्यांनी त्या चष्मा लावून वाचल्या आणि म्हणाले, "समुद्राशी मस्ती बरी नाही. दिगंबररावांनी थोडं ऐकायला पाहिजे होतं. त्यांना सूचना दिली होती म्हणे." मंडपातल्या माना हलल्या. तुझे गार्ड दोस्त खाली जमिनीकडे पाहत होते, तू सिग्नल तोडलास हे त्यांना कानाला सहन होत नव्हतं. केतकी माझ्याकडे पाहत होती.

वहिनी दारात बायकांमध्ये बसल्या होत्या. तेरा दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या, पाणी दिलं तर पीत होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या. पदर सावरायचं त्यांना भान नव्हतं. भाऊसाहेबांकडे त्यांनी बघितलंच नाही, सगळ्या मंडपाच्या डोक्यांवरून सरळ तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"भाऊजी, तुमी तं तिथं होते न, मंग सांगा न याइले, हिरवी होती."